पदवीआधीची परीक्षा
(डॉ. वू लिएन-तेह यांची चरित्ररेखा)

द्वितीय वर्ष कला

विद्यापीठाच्या परीक्षेचे वेळापत्रक आधी फलकावर लागते. त्यासाठी रात्री जागता येते, मार्गदर्शके घोकता येतात, आणि एवढे करूनही साधले नाही तर पुन्हा बसण्याची सोय असते. परंतु ज्याने जन्मभरासाठी एखादा पेशा पत्करला आहे त्याची आणखी एक परीक्षा होते, आणि तिचे वेळापत्रक कुठेच लागत नाही. डॉक्टरच्या बाबतीत ही परीक्षा पुष्कळदा साथीच्या रूपाने येते. ती आली म्हणजे पदवी मिळालेला आणि न मिळालेला असा भेद ती करीत नाही. वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी तेव्हा अर्धाच शिकलेला असतो. आजार नवा असेल तर त्याच्या गुरुजनांनाही उत्तर ठाऊक नसते. अशा वेळी डॉक्टर होऊ घातलेल्या तरुणाने काय करावे? पुढे जावे की मागे राहावे? आणि पुढे जायचेच, तर कुणाकडे पाहून जावे?

२०२० साली कोरोनाच्या साथीने हा प्रश्न साऱ्या जगापुढे टाकला. वास्तविक तो नवा नव्हता. त्याला एकशे दहा वर्षांपूर्वी उत्तर चीनच्या उत्तर टोकाला, मांचुरियाच्या बर्फात एका एकतीस वर्षांच्या शिक्षकाने आणि त्याच्याबरोबर गेलेल्या एका विद्यार्थ्याने दिले होते. त्या शिक्षकाचे नाव डॉ. वू लिएन-तेह. गेल्या काही वर्षांत मुखपट्टीच्या निमित्ताने हे नाव पुन्हा जगाच्या ओठांवर आले. परंतु मुखपट्टीमागचा माणूस आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. त्याची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

वू यांचा जन्म १० मार्च १८७९ रोजी पेनांग बेटावर झाला. पेनांग आज मलेशियात आहे. तेव्हा तेथे इंग्रजांचे राज्य होते. वडील दक्षिण चीनमधून पोट भरण्यासाठी आलेले सोनार. घरात भावंडे पुष्कळ. अशा घरातील मुलगा पेनांग फ्री स्कूल या शाळेत शिकला आणि सरकारी स्पर्धा परीक्षेत पहिला येऊन राणीच्या नावाची शिष्यवृत्ती मिळवून १८९६ मध्ये थेट केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात दाखल झाला. केंब्रिजला वैद्यक शिकणारा तो पहिला चिनी वंशाचा विद्यार्थी. ज्यांच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारे ते स्वतःच पहिले असतात, त्यांना या प्रवासाचे मोल सांगायला नको.

त्याच १८९६ साली आपल्या मुंबईत गाठीच्या प्लेगने पाय ठेवला होता. पुढच्या वर्षी तो पुण्यात भडकला. १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. त्याच दिवशी केंब्रिजमधला हा सोनाराचा मुलगा अठरा वर्षांचा झाला. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण ज्या रोगाने सावित्रीबाईंना नेले, त्याच रोगाशी झुंजण्यात या तरुणाचे आयुष्य जायचे होते.

केंब्रिजनंतर लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात वू यांनी प्रत्यक्ष रोग्यांजवळचे शिक्षण घेतले. पुढे लिव्हरपूलला त्यांना रोनाल्ड रॉस हे गुरू लाभले. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, हे सिकंदराबादेत १८९७ मध्ये शोधून काढणारे तेच हे रॉस. पॅरिसची पाश्चर संस्था आणि जर्मनीतील हाल येथेही त्यांनी जंतुशास्त्राचा अभ्यास केला. एवढी विद्या घेऊन ते १९०३ मध्ये मायदेशी परतले. परंतु वसाहतीच्या वैद्यकीय सेवेतील वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव होत्या. केंब्रिजची पदवी असली तरी कातडीचा रंग आडवा आला. एक वर्ष क्वालालंपूरच्या संशोधन संस्थेत काढून त्यांनी पेनांगला स्वतःचा दवाखाना थाटला.

तेथेही ते स्वस्थ बसले नाहीत. अफूने आपल्या समाजाचा सत्यानाश चालला आहे हे पाहून त्यांनी अफूविरोधी चळवळ उभारली. अफूच्या व्यापारात ज्यांचे हात गुंतले होते, त्यांना ती कशी रुचावी? १९०७ मध्ये त्यांच्या दवाखान्याची झडती झाली. परवान्याशिवाय औषधी अफूचा थोडासा अर्क बाळगल्याचा ठपका ठेवून त्यांना दंड करण्यात आला. अफूशी लढणाऱ्या डॉक्टरवर अफूचाच खटला! अशा सुमारास चीनच्या सरकारकडून त्यांना बोलावणे आले. तिएनत्सिन (आजचे त्यान्जिन) येथे लष्करी डॉक्टर तयार करणारे एक महाविद्यालय होते. त्याचे उपसंचालक म्हणून १९०८ मध्ये ते रुजू झाले. गंमत अशी की वंशाने चिनी असलेल्या या प्राध्यापकाला चीनची राजभाषा धड बोलता येत नव्हती. शिकवता शिकवता तेही शिकू लागले.

दोन वर्षे अशी गेली. १९१० च्या शरद ऋतूत मांचुरियाच्या सरहद्दीवर माणसे पटापट मरू लागली. त्या प्रदेशात मार्मॉट नावाचा बिळात राहणारा, खारीच्या कुळातला एक प्राणी आहे. युरोपच्या बाजारात त्याच्या कातड्याला चांगला भाव आला होता. पिढ्यानपिढ्या त्याची शिकार करणारे मंगोल आणि बुरियात शिकारी सुस्त, आजारी दिसणाऱ्या मार्मॉटला हात लावीत नसत. पैशाच्या आशेने शांतुंगसारख्या दूरच्या प्रांतांतून आलेल्या गरीब मजुरांना हे शहाणपण कोण सांगणार? त्यांनी हाती लागेल तो प्राणी मारला, सोलला. रात्री एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस जणांनी दाटीवाटीने मुक्काम केला. ऑक्टोबरात मांचौली या सरहद्दीवरच्या गावी रोग प्रकटला आणि आगगाडीत बसून हार्बिनला पोचला. ताप, खोकला, थुंकीतून रक्त, आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू. एकदा लागण झाली की वाचणारा जवळजवळ कुणीच नव्हता.

डिसेंबरच्या मध्यास पेकिंगच्या परराष्ट्र खात्याकडून वू यांना तार आली. मांचुरियात एकीकडे रशिया, दुसरीकडे जपान टपून बसलेले. चीनला साथ आवरता आली नाही तर ती आवरण्याच्या निमित्ताने हे दोघे आपले सैन्य आत घालतील, अशी धास्ती होती. वू यांनी जायचे ठरवले. सोबतीला त्यांनी एखादा नामांकित डॉक्टर घेतला नाही. आपल्याच महाविद्यालयातील वरच्या वर्गातला एक विद्यार्थी घेतला. त्याचे नाव लिन च्या-स्वे.

मला या चरित्रातील हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. लिन अद्याप डॉक्टर झालेला नव्हता. त्याच्यावर कोणतेही बंधन नव्हते. सुखाने वसतिगृहात राहून तो परीक्षेची तयारी करू शकला असता. पण तो गेला. एक इंग्रजी बनावटीचा लहान सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, रंगद्रव्ये, थोडी हत्यारे, एवढ्या सामानानिशी गुरुशिष्य निघाले. मुकडेनपर्यंत चिनी आगगाडी, तेथून चांगचुनपर्यंत जपानी आणि पुढे हार्बिनपर्यंत रशियन! एका देशातील एका प्रवासात तीन सत्तांच्या गाड्या बदलाव्या लागल्या, यावरूनच त्या देशाची अवस्था कळते. २४ डिसेंबर १९१० रोजी ते हार्बिनला उतरले. पारा शून्याखाली पंचवीस-तीस अंश गेलेला.

हार्बिनची चिनी वस्ती फूच्यातिएन. तेथे सुमारे चोवीस हजार माणसे राहत. बेइयांग वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेले दोन तरुण डॉक्टर आधीच तेथे झगडत होते. पण हाताशी ना इस्पितळ, ना माणसे. प्लेग आहे हे लक्षणांवरून दिसत होते. सिद्ध झाले नव्हते. सिद्ध करायचे तर शवविच्छेदन हवे. आणि त्या काळच्या चीनमध्ये मृतदेहावर सुरी चालवणे हा कायद्याने गुन्हा व धर्माने पाप होते. २७ डिसेंबरला एक जपानी स्त्री या रोगाने मरण पावल्याचे समजले. एका साध्या घरातील कोंदट खोलीत वू यांनी तिचे विच्छेदन केले. लिन मदतीला होता. फुफ्फुस, हृदयातील रक्त, प्लीहा यांचे नमुने घेतले, देह पुन्हा नीट शिवून दफनासाठी दिला. सूक्ष्मदर्शकाखाली प्लेगचे जंतू स्पष्ट दिसले.

येथवर शास्त्राचे काम झाले. खरी कसोटी पुढे होती. प्लेग म्हणजे उंदीर आणि उंदरावरची पिसू, हे समीकरण तेव्हा जगभर पक्के झाले होते, आणि ते पक्के करण्यात आपल्या मुंबईचा वाटा मोठा होता. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनाने गाठीच्या प्लेगातील पिसवांची कामगिरी निर्विवाद ठरवली होती. ते संशोधन खरेच होते. पण हार्बिनमधील उंदरांत जंतू सापडेनात, आणि रोग्यांच्या अंगावर गाठी दिसेनात. वू यांनी डोळ्यांपुढचा पुरावा प्रमाण मानला. हा फुफ्फुसाचा प्लेग आहे, तो खोकल्यातून, श्वासातून माणसाकडून माणसाकडे जातो, असे त्यांनी जाहीर केले. मग उपायही वेगळा. उंदीर मारून भागणार नव्हते. माणसामाणसांत अंतर ठेवायला हवे होते आणि प्रत्येकाने नाकातोंडावर पट्टी बांधायला हवी होती. पट्टी तरी कसली? दुकानात मिळणारे जाळीचे औषधी कापड, त्याच्या घडीत कापसाचा एक थर, डोक्यामागे बांधायला दोन्ही टोके चिरलेली. खर्च जवळजवळ नाहीच. प्रेते वाहणाऱ्या हमालालाही ती मिळावी, हे त्यात पाहिले होते.

जानेवारी १९११ च्या आरंभी डॉ. मेनी नावाचे फ्रेंच गृहस्थ हार्बिनला आले. ते तिएनत्सिनच्या बेइयांग महाविद्यालयात प्राध्यापक होते. वयाने वडील, गाठीच्या प्लेगचा अनुभव गाठीशी असलेले. मोहिमेचे नेतृत्व आपल्याकडे असावे अशी त्यांची इच्छा. वू यांनी श्वासाची व पट्टीची गोष्ट काढली तेव्हा ते संतापले. काल शिकून आलेल्या चिनी पोराने आपल्याला शिकवावे, हे त्यांना सहन झाले नाही. वू यांनी भांडण केले नाही. वरिष्ठांना तार करून राजीनामा देऊ केला. सरकारने तो न स्वीकारता वू यांच्याच पाठीशी उभे राहण्याचे ठरवले. मेनी रागाने रशियन इस्पितळात गेले आणि तेथील प्लेगचे रोगी पट्टी न बांधता तपासले. ११ जानेवारीला प्लेगनेच त्यांचा अंत झाला.

या घटनेने सारे हार्बिन हादरले. जो तो तोंडाला पट्टी बांधून हिंडू लागला. परंतु येथे थांबून विचार करावासा वाटतो. मेनी भित्रे नव्हते. रोग्याच्या खाटेजवळ ते स्वतः गेले. त्यांच्याजवळ धैर्य होते, ज्ञान होते, अनुभव होता. नव्हती ती फक्त आपल्याहून लहान माणसाचे ऐकण्याची तयारी. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठा धडा कोणता? निष्ठा म्हणजे केवळ जिवावर उदार होणे नव्हे. उद्याच्या रोग्यासाठी स्वतःचा जीव जपणे, पुराव्यापुढे आपले पद व पांढरे केस विसरणे, हाही त्या धर्माचा भाग आहे. धैर्याला ही जोड नसेल तर एक डॉक्टर जातो आणि त्याच्याबरोबर तो वाचवू शकला असता असे शेकडो रोगी जातात.

मेनी गेल्यावर मोहिमेला वेग आला. फूच्यातिएनचे चार भाग पाडले. पांढरा, तांबडा, पिवळा व निळा असे चार रंगांचे बिल्ले ठरले, ज्याने त्याने आपल्या भागाचा बिल्ला लावायचा आणि परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. हजाराहून अधिक सैनिकांनी वेढा घातला. रशियन रेल्वेकडून मालगाडीचे एकशे वीस डबे मागून घेतले, त्यांत शेगड्या बसवल्या आणि रोग्यांच्या सहवासात आलेल्यांना तेथे वेगळे ठेवले. संसर्गाने भरलेले जुने प्लेग-इस्पितळ जाळून टाकले. शाळा बंद झाल्या, नाटकगृहांच्या व स्नानगृहांच्या जागा कामाला घेतल्या. तिएनत्सिन-पेकिंगहून मदतीला डॉक्टर आले आणि त्यांच्याबरोबर वैद्यकाचे विद्यार्थीही आले. घरोघर तपासणी करणाऱ्या तुकड्यांत ते हिंडले. पुस्तकात न वाचलेला रोग त्यांनी दारादारांत वाचला.

हे सर्व लोकांना गोड वाटले असेल असे समजू नये. घरातले माणूस डब्यात नेऊन ठेवतील, घरावर औषध फवारतील, या भीतीने लोक रोगी लपवीत. रात्री प्रेत रस्त्यावर आणून टाकीत. पुण्यात १८९७ मध्ये प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घरात शिरले तेव्हा काय झाले हे आपण इतिहासात शिकतो. हार्बिनचे सैनिकही बंदुका घेऊनच उभे होते. साथीत डॉक्टरच्या हाती मोठी सत्ता येते, आणि ती सत्ता रोग्याच्या भल्यासाठी असली तरी रोग्याला ती जाचतेच. फरक पडतो तो ती वापरणाऱ्याच्या मनात लोकांच्या भावनेला जागा आहे की नाही, यामुळे.

याची परीक्षा जानेवारीच्या अखेरीस झाली. गावाबाहेरच्या दफनभूमीत दोन हजारांहून अधिक शवपेट्या व उघडी प्रेते बर्फावर पडून होती. जमीन गोठून दगडासारखी झालेली, खड्डा खणणे अशक्य. उपाय एकच, दहन. आपल्याकडे बहुसंख्य लोकांना दहनाचे काही वाटणार नाही. पण ज्या समाजात पूर्वजांचा देह मातीत सुखरूप राहणे हेच सर्वांत मोठे पितृऋण, त्याला ते अघोर पाप होते. वू यांनी परस्पर काडी लावली नाही. स्थानिक अधिकाऱ्यांना दफनभूमीवर नेऊन ते दृश्य दाखवले, त्यांची संमती घेतली आणि मगच थेट बादशाही दरबाराकडे परवानगी मागितली. दिवसामागून दिवस वाट पाहिली. चिनी नववर्षाचा पहिला दिवस त्या साली ३० जानेवारीला होता. परवानगी आली आणि ३१ तारखेला शेकड्या-शेकड्याच्या राशी रचून अग्नी देण्यात आला. फटाके घरात लावा, असेही लोकांना सांगण्यात आले. सणाचा सण राहील आणि गंधकाच्या धुराचा झाला तर उपयोगच होईल. दुःखात बुडालेल्या गावाचा सण डॉक्टरने काढून घेतला नाही. मला यात त्यांचे मोठे मन दिसते.

त्यानंतर मृत्यूचा आकडा उतरत गेला. १ मार्च १९११ रोजी हार्बिनमध्ये शेवटचा रोगी नोंदला गेला. साऱ्या मांचुरियात मिळून सुमारे साठ हजार माणसे या साथीत दगावली. हार्बिनच्या मोहिमेत जवळजवळ तीन हजार जण राबत होते. त्यांतले सुमारे तीनशे कामावरच गेले. त्यांत डॉक्टर थोडे. मोठा वाटा रोगी व प्रेते वाहून नेणाऱ्या मजुरांचा. त्यांची नावे कुठल्या चरित्रात नाहीत. पट्टी सर्वांना दिलेली होती; पण ती का बांधायची हे ज्याला उमगले तो वाचला. ज्ञान मोठ्यांच्या खोलीत राहिले आणि खालच्या माणसापर्यंत पोचले नाही, तर मरणही तसेच वाटले जाते.

याच दिवसांत मुकडेनला आर्थर जॅक्सन नावाचा सव्वीस वर्षांचा ब्रिटिश डॉक्टर सेवेत होता. नुकताच शिक्षण संपवून तो दोन-तीन महिन्यांपूर्वीच आला होता. तेथे निघणाऱ्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याला शिकवायचे होते. परत पाठवलेल्या शेकडो मजुरांना रेल्वे स्थानकाजवळ अडकवून ठेवले होते, त्यांची शुश्रूषा त्याने पत्करली. तो पट्टी बांधत असे, काळजी घेत असे; तरीही २५ जानेवारी १९११ रोजी तो गेला. चिनी सरकारने त्याच्या आईला नुकसानभरपाईची रक्कम दिली. त्या माउलीने ती त्या महाविद्यालयालाच देऊन टाकली. १९१२ मध्ये ते सुरू झाले. जो त्यांना शिकवणार होता त्याचा एकही तास त्या विद्यार्थ्यांनी ऐकला नाही. पण त्याच्या मरणाने त्यांना काहीच शिकवले नाही असे कोण म्हणेल?

एप्रिल १९११ मध्ये मुकडेनला आंतरराष्ट्रीय प्लेग परिषद भरली. अकरा देशांचे तज्ज्ञ जमले. जपानचे कितासातो, रशियाचे झाबोलोत्नी यांच्यासारखी जगन्मान्य माणसे समोर बसली आणि अध्यक्षस्थानी होते बत्तीस वर्षांचे वू. ज्याला स्वतःच्या जन्मभूमीत वरची जागा नाकारली गेली, त्याच्या अध्यक्षतेखाली गोऱ्या राष्ट्रांचे पंडित चर्चा करीत होते. १९१२ मध्ये उत्तर मांचुरियात कायमची प्लेग प्रतिबंधक सेवा उभी राहिली आणि पुढे जवळजवळ वीस वर्षे वू तिचे प्रमुख राहिले. त्यांच्याबरोबर बर्फातून गेलेला लिन पुढे डॉक्टर होऊन याच सेवेत दाखल झाला. १९२०-२१ मध्ये फुफ्फुसाचा प्लेग पुन्हा उसळला तेव्हा मृतांची संख्या दहा हजारांच्या आत राहिली. आधीच्या साठ हजारांशी ही तुलना केली म्हणजे तयारीचे मोल कळते.

वू केवळ साथीपुरते डॉक्टर नव्हते. शवविच्छेदनाला कायद्याची मान्यता मिळावी म्हणून त्यांनी पाठपुरावा केला आणि १९१३ मध्ये ती मिळाली. एका बंद खोलीत, मनावर दडपण घेऊन जे त्यांना करावे लागले, ते पुढच्या विद्यार्थ्यांना उजळ माथ्याने करता येऊ लागले. १९१५ मध्ये चिनी डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना स्थापण्यात ते अग्रभागी होते. १९१८ मध्ये पेकिंगला त्यांच्या प्रयत्नांनी मोठे रुग्णालय उभे राहिले. १९२६ मध्ये त्यांनी हार्बिनमध्ये वैद्यकीय महाविद्यालय काढले. ज्या गावात एके काळी दोन तरुण डॉक्टर इस्पितळाविना झगडत होते, त्या गावात आता डॉक्टर घडू लागले. १९३० मध्ये राष्ट्रीय क्वारंटाइन सेवेची धुरा त्यांच्याकडे आली, आणि १९३५ मध्ये नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले.

मानसन्मानाबरोबर आपत्तीही आल्या. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया गिळला. हेर असल्याच्या संशयावरून जपान्यांनी वू यांना अटकेत ठेवले. १९३७ मध्ये जपानने चीनवर युद्ध लादले. त्याच वर्षी पत्नीचे निधन झाले होते. सारे सोडून ते मलायात परतले आणि इपोह या गावी साध्या डॉक्टरसारखा दवाखाना चालवू लागले. अकरा राष्ट्रांच्या परिषदेचा अध्यक्ष आता खोकल्या-पडशाची औषधे देत होता, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. आयुष्याच्या संध्याकाळी त्यांनी आत्मचरित्र लिहिले, ते १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. २१ जानेवारी १९६० रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ज्या पेनांगला जन्मले तेथेच त्यांनी डोळे मिटले.

आता पुन्हा त्या प्रश्नाकडे. ३ मे २०२१ रोजी, कोरोनाची दुसरी लाट भरात असताना, भारत सरकारने एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांची मदत घेण्याचे ठरवले. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली त्यांनी दूरध्वनीवरून सल्ला द्यावा, सौम्य रोग्यांवर लक्ष ठेवावे, अशी योजना होती. पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा पुढे गेली. इटलीने तर वर्षभर आधीच नव्या डॉक्टरांची अंतिम राज्यपरीक्षा रद्द करून त्यांना सेवेत घेतले होते. या मुलांना कर्तव्य म्हणजे काय हे कुणी शिकवले असेल? वैद्यकनीतीचा तास त्यांनाही असतो, शपथ तीही घेतात. पण लिनकडे पाहिले म्हणजे वाटते की ही विद्या फळ्यावर लिहून येत नाही. गुरू स्वतः पुढे गेला, शिष्याला पट्टी बांधायला लावून आपल्या बाजूला उभे केले, आणि जे ठाऊक नाही ते शोधताना त्याला सामील करून घेतले. तेव्हा ती आली. मात्र देखरेख नसताना, साधने नसताना कोवळ्या मुलांना पुढे ढकलणे याला कर्तव्य म्हणता येणार नाही. विद्यार्थ्याने पुढे जावे हे जितके खरे, तितकेच त्याला सुरक्षित ठेवून पुढे न्यावे हेही खरे. वू यांच्या चरित्रात या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत.

२०२० च्या सप्टेंबरात राज्यात घरोघर पाहणीची मोहीम निघाली तेव्हा मी शाळेत होते. आमच्या वाडीत आशाताई बोटाला लावायचे प्राणवायूचे यंत्र आणि तापमापक घेऊन दारोदार येत. सुरुवातीला काहींनी दारे लावून घेतली. त्या ओट्याखाली उभ्या राहत, पट्टी नाकावर कशी असावी ते दाखवीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. दवाखान्यातील मोठ्या डॉक्टरांचे ज्ञान आमच्यापर्यंत आले ते त्यांच्या पायांनी. हार्बिनच्या त्या तीनशे जणांविषयी वाचताना मला डॉक्टरांच्या आधी त्यांची आठवण झाली. आमच्या घरातून कॉलेजात येणारी मी पहिलीच. इतिहास म्हणजे मोठ्यांची नावे, असे मलाही वाटत आले होते. या चरित्राने मला त्या नावांच्या खालच्या ओळी वाचायला शिकवले.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्यातून डॉक्टर निघणार नाहीत; शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस, पत्रकार मात्र नक्की निघतील. साथ आली म्हणजे यांपैकी प्रत्येकाचे काम लागते. हार्बिनमध्येही डॉक्टर मूठभर होते आणि राबणारे हजारो होते. तेव्हा व्यवसायाची निष्ठा ही एकट्या डॉक्टरची मिरास नव्हे. आपले काम नीट शिकावे, समोर दिसणारा पुरावा नाकारू नये, आपल्याहून लहानाचे ऐकावे आणि आपल्याला उमगलेले शेवटच्या माणसापर्यंत पोचवावे, एवढे जमले तर पदवी हाती येण्यापूर्वीच आपण काही शिकलो असे म्हणता येईल.